रोजचे ताट आणि दीर्घकालीन विकार

म्हैसूर शहराच्या मंडी मोहल्ला या जुन्या वस्तीत होल्ड्सवर्थ मेमोरियल हे मिशनचे रुग्णालय आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्यतः स्त्रिया आणि मुले यांच्या उपचारांसाठी ते स्थापन झाले. १९३४ पासून तेथील प्रसूतिविभागात एक शिस्त पाळली जाऊ लागली. जन्मलेल्या प्रत्येक मुलाचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर मोजून नोंदवहीत लिहावयाचा आणि आईचे वजनही टिपून ठेवावयाचे. ज्या परिचारिकांनी ही मोजमापे केली, त्यांच्या दृष्टीने ते नित्याचे काम होते. त्यांच्या या आकड्यांतून पुढे हृदयरोग आणि मधुमेह यांच्या उगमाचा शोध घेतला जाईल, ही कल्पना त्यांच्यापैकी कोणालाही असण्याचे कारण नव्हते.

सुमारे साठ वर्षांनंतर संशोधकांनी या वह्या पुन्हा उघडल्या. रुग्णालयाच्या आसपासच्या वस्त्यांत घरोघर चौकशी करून, १९३४ ते १९५४ या काळात तेथे जन्मलेली आणि अद्याप म्हैसुरात राहणारी माणसे त्यांनी शोधून काढली. अशा ५१७ स्त्री-पुरुषांची तपासणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष १९९६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या व्यक्तींचे जन्माच्या वेळचे वजन साडेपाच पौंड (सुमारे अडीच किलोग्रॅम) किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यापैकी शेकडा ११ जणांना हृदयाच्या रोहिणींचा विकार जडलेला आढळला. ज्यांचे जन्मवजन सात पौंडांहून अधिक होते, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३ एवढेच होते. मूल वजनाने हलके आणि गरोदरपणी आईचे वजनही शंभर पौंडांच्या आत, असे ज्यांच्या बाबतीत घडले होते, त्यांच्यात ते सर्वांत जास्त, म्हणजे शेकडा २० इतके होते.

या आकड्यांचा अर्थ काय? पन्नाशीत जडणाऱ्या रोगाचा संबंध त्या माणसाच्या जन्मापूर्वी त्याच्या आईच्या ताटात काय पडत होते याच्याशी असू शकतो, असा तो अर्थ होता.

विकाराचे बीज

हृदयरोग, मधुमेह, वाढलेला रक्तदाब यांसारख्या विकारांना दीर्घकालीन विकार म्हणतात. पटकी किंवा गोवर यांप्रमाणे ते जंतूंच्या संसर्गाने एकाएकी उद्भवत नाहीत. ते वर्षानुवर्षे शरीरात मुरतात आणि बहुधा पुरते बरे होत नाहीत. त्यामुळे ते मुळात होऊच नयेत म्हणून काय करता येईल, या प्रश्नाला औषधोपचाराइतकेच महत्त्व आहे.

म्हैसूरच्या पाहणीपूर्वी १९८९ साली इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशर परगण्यातील सुइणींच्या जुन्या नोंदवह्यांवरून असाच निष्कर्ष काढला होता. त्यांनी मांडलेली उपपत्ती थोडक्यात अशी : गर्भाला पोषण कमी पडले, तर तो असलेल्या पोषणाची वाटणी करतो. मेंदूची वाढ शक्यतो अबाधित राखली जाते आणि स्नायू, मूत्रपिंड, इन्सुलिन निर्माण करणारे स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येते. आणीबाणीच्या प्रसंगी केलेली ही काटकसर जीव वाचविते, परंतु तिची खूण शरीरावर कायम राहते. पुढे त्याच माणसाला भरपूर अन्न आणि बैठे काम मिळाले, की काटकसरीसाठी घडलेल्या शरीराला ती सुबत्ता पेलत नाही.

म्हैसूरचे चित्र मात्र इतके सरळ नव्हते. त्याच रुग्णालयात जन्मलेल्या लोकांमध्ये मधुमेहाचा शोध घेतला, तेव्हा निराळेच दिसून आले. जी मुले जन्मतः लांबीने आखूड पण अंगाने भरलेली होती आणि ज्यांच्या माता वजनाने जड होत्या, त्यांना पुढे मधुमेह अधिक प्रमाणात झाला होता. या मातांच्या रक्तात गरोदरपणी साखरेचे प्रमाण वाढलेले असावे आणि ती जादा साखर गर्भापर्यंत पोहोचली असावी, असा तर्क संशोधकांनी केला. तो पडताळून पाहण्यासाठी १९९७-९८ मध्ये त्याच रुग्णालयात ८३० गरोदर स्त्रियांची नोंद करून नवी पाहणी सुरू झाली. सुमारे शेकडा ६ स्त्रियांना गरोदरपणातील मधुमेह आढळला. त्यांची मुले नऊ-दहा वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्या अंगावर इतर मुलांपेक्षा चरबी अधिक होती. याच पाहणीत शेकडा ४३ स्त्रियांच्या रक्तात ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. म्हणजे एका बाजूला अपुरे पोषण आणि दुसऱ्या बाजूला जादा साखर, हे दोन्ही धोके एकाच शहरात, कधी कधी एकाच स्त्रीच्या शरीरात, नांदत होते.

सहा खेडी आणि तीन पदार्थ

आईच्या आहारातील नेमकी उणीव कोणती, हा प्रश्न जन्मनोंदींवरून सुटण्यासारखा नव्हता. कारण माता काय जेवत होत्या, हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते. त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झाला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी या खेड्यांतील विवाहित तरुणींच्या प्रकृतीची व आहाराची नोंद ठेवली, आणि त्यांना झालेल्या मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले.

या मुलांचे जन्मवजन सरासरीने २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील मुलांची सरासरी ३.५ किलोग्रॅम होती. पुण्याकडील मुलाचे स्नायू, पोटातील अवयव, लांबी हे सर्व त्या मानाने पुष्कळच कमी होते. अंगावरील चरबी मात्र तितकीशी कमी नव्हती. दिसायला कृश पण चरबीने सधन, असे हे मूल होते. भारतीयांना सडपातळ असूनही आणि तुलनेने तरुण वयात मधुमेह का होतो, याचा एक धागा येथे हाती लागला.

आहाराच्या नोंदी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. शोभा राव यांनी अभ्यासिल्या. या स्त्रियांच्या आहारातील उष्मांक आणि प्रथिने या दोन्हींची मात्रा कमीच होती. तरीही मुलाच्या आकाराशी त्यांचा ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो तीन साध्या पदार्थांचा : हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध. हे पदार्थ ज्यांच्या खाण्यात वारंवार होते, त्यांची मुले आकाराने मोठी होती.

या निष्कर्षाचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९५० साली म्हैसूरच्या चेलुवांबा प्रासादात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली, त्या काळी भारतीय आहारातील मुख्य उणीव प्रथिनांची आहे, असे जगभर मानले जात होते. म्हणून संस्थेचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन यांच्या कारकिर्दीत ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार करण्यात आले. तीन भाग शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ, एक भाग हरभऱ्याचे पीठ आणि त्यात जीवनसत्त्वे व कॅल्शियम, अशी त्याची घडण होती. पुढे सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिले, की भारतात वेगळा असा प्रथिनांचा दुष्काळ नाही. ज्याला पोटभर धान्य-कडधान्य मिळते, त्याला प्रथिनेही बहुधा पुरतात. खरी उणीव पुरेशा अन्नाची आहे. पुण्याजवळच्या खेड्यांनी या विचारात आणखी एक पायरी जोडली. पोट भरणे आवश्यक आहे, परंतु ते कशाने भरले आहे, याचाही हिशेब शरीर ठेवते.

मुंबईचा प्रयोग

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून त्यांतील एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्या घरात दूध आणि फळे येतात, त्या घरात इतरही सोयी असतात. विहीर जवळ असते, श्रम कमी असतात, डॉक्टर परवडतो. मूल मोठे होण्याचे श्रेय यांपैकी कशाला द्यावयाचे? याचा निर्णय प्रयोगानेच होऊ शकतो.

असा प्रयोग २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडवस्त्यांत करण्यात आला. साडेसहा हजार स्त्रिया चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागल्या गेल्या. एका गटाला पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून केलेला तळलेला खाद्यपदार्थ रोज देण्यात आला. दुसऱ्या गटाचा पदार्थ दिसण्यात तसाच होता, पण त्यात बटाटा, कांदा यांसारख्या भाज्या होत्या. हा खाऊ स्त्रियांनी केंद्रावर येऊन, देखरेखीखाली खावयाचा होता. गर्भ राहण्यापूर्वीच तो सुरू करण्यात आला, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. गर्भाचे मुख्य अवयव पहिल्या काही आठवड्यांतच आकार घेतात. स्त्री दवाखान्याची पायरी चढते, तोवर तो काळ बहुधा उलटून गेलेला असतो.

निष्कर्ष मिश्र होते आणि ते तसेच सांगितले पाहिजेत. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार केला, तर मुलांच्या जन्मवजनात निश्चित म्हणता येईल अशी वाढ झाली नाही. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी निदान तीन महिने तो खाऊ घेतला होता, त्यांची मुले सरासरीने ४८ ग्रॅम अधिक वजनाची झाली. परंतु ज्या स्त्रिया मुळातच फार कृश होत्या, त्यांच्या मुलांना हा लाभ मिळाला नाही. वर्षानुवर्षांची उपासमार मूठभर खाऊने भरून निघत नाही, असा याचा एक अर्थ लावता येईल. दुसरा निष्कर्ष मात्र अधिक बोलका आहे. सुमारे एक हजार स्त्रियांची तपासणी केली असता, बटाटा-कांद्याच्या गटात शेकडा १२.४ जणींना गरोदरपणातील मधुमेह आढळला, तर पालेभाजी-फळे-दुधाच्या गटात शेकडा ७.३ जणींना. बाजारात सहज मिळणाऱ्या पदार्थांनी हा विकार जवळजवळ निम्म्यावर आला. म्हैसूरच्या अनुभवावरून पाहता, अशा मधुमेहाची झळ पुढच्या पिढीलाही लागते.

गोळीची मर्यादा

येथे कोणी विचारील, की पालेभाजीतील आणि दुधातील उपयुक्त द्रव्ये ठाऊक झाली असतील, तर त्यांच्या गोळ्या करून का घेऊ नयेत? निवडणे नको, शिजविणे नको, नासण्याची भीती नको.

काही बाबतींत हे उत्तम प्रकारे साधले आहे. गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल घेतल्यास मुलाच्या पाठीच्या कण्यातील व मेंदूतील ठरावीक व्यंगे टाळता येतात, हे १९९१ साली सात देशांतील प्रयोगाने सिद्ध झाले. ज्या मातांना आधी असे मूल झाले होते, त्यांच्यातील धोका शेकडा ७२ इतका घटला. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि काही वर्षांतच तेथील गलगंडाचे प्रमाण ठळकपणे उतरले. ज्यांच्या आहारात अंडी, मासे, मांस नाही आणि दूधही नाममात्र आहे, त्यांना ब-१२ जीवनसत्त्व गोळीतून घेण्यावाचून क्वचितच दुसरा मार्ग असतो. कारण वनस्पतिजन्य अन्नात ते नसते. म्हैसूरच्या संस्थेत १९७० च्या दशकापासून ज्या स्पिरुलिना या सूक्ष्म शैवलावर संशोधन झाले, ते प्रथिनांच्या दृष्टीने मोलाचे आहे. परंतु त्यातील ब-१२ बहुतांशी माणसाच्या शरीराला न उपयोगी पडणाऱ्या रूपात असते.

या सर्व उदाहरणांत उणीव कोणती आहे हे नक्की ठाऊक होते आणि तेवढीच भरून काढली गेली. जेथे उणीव नव्हती तेथे काय घडले, हे बीटा-कॅरोटीनच्या कथेवरून कळते. गाजर, पालेभाज्या, आंबा यांतील या पिवळ्या-नारिंगी द्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. असे पदार्थ भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे पुष्कळ पाहण्यांत दिसले होते. तेव्हा फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. त्यांतील काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या देण्यात आल्या. १९९४ साली निष्कर्ष हाती आले, तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत हा कर्करोग शेकडा १८ ने अधिक आढळला. अमेरिकेतील अशाच एका प्रयोगात हे आधिक्य शेकडा २८ इतके निघाले आणि १९९६ च्या आरंभी तो मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. जे गाजरात हितकारक होते, ते गोळीत एकाकी आणि मोठ्या मात्रेने दिल्यावर अपायकारक ठरले.

पुण्याजवळच्या खेड्यांनीही असाच एक इशारा दिला. तेथील सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत ब-१२ कमी होते. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ कोणातच नव्हती. ज्या मातांच्या रक्तात फोलेट जास्त आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांची शरीरे सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. मधुमेहाकडे नेणाऱ्या वाटेवरची ही पहिली पायरी होय. यावरून फोलिक आम्लाची गोळी सोडावी, असा अर्थ कोणी काढू नये. तिचा लाभ सिद्ध झालेला आहे. एक बाजू भरताना दुसरी रिकामी राहू नये, एवढाच याचा बोध. शरीरात ही द्रव्ये बैलांच्या जोडीसारखी काम करतात. एकालाच चारा घालून नांगर सरळ चालत नाही.

स्वयंपाकघरातील रसायन

ताटातील पदार्थ एकमेकांना कसे साहाय्य करतात, हा म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेच्या अभ्यासाचा एक विषय राहिला आहे. धान्ये आणि डाळी यांत लोह आणि जस्त असते, परंतु त्यांतील फायटेट नावाचे द्रव्य त्यांना जखडून ठेवते आणि त्यांचा पुष्कळसा भाग शरीराला मिळत नाही. कांदा आणि लसूण यांच्या संगतीत धान्य-डाळींतील हे लोह व जस्त अधिक प्रमाणात मोकळे होते, असे या संस्थेने प्रयोगशाळेतील परीक्षणात दाखविले आहे. लिंबासारख्या आंबट पदार्थांचाही लोहाच्या बाबतीत असाच उपयोग होतो. कडधान्याला मोड आणले, की फायटेट घटते आणि क जीवनसत्त्व वाढते. तेव्हा मटकीच्या उसळीवर लिंबू पिळणे किंवा भाकरीबरोबर कांदा फोडून खाणे ही केवळ चवीची बाब नाही. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र नेमके याच्या उलट करतो आणि लोह अडकवून ठेवतो.

मसाल्यांविषयी बोलताना अधिक जपून बोलले पाहिजे. मेथीच्या दाण्यांत पाण्यात फुगणारा चोथा असतो. त्यामुळे अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरते. मधुमेही रुग्णांना याचा लाभ होतो, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या प्रयोगांत आढळले आहे. हळदीतील कर्क्युमिन या द्रव्याचे अनेक गुण प्रयोगशाळेत दिसतात, पण ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. १९९८ साली बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात त्याला मिऱ्यातील पिपरीनची जोड दिली, तेव्हा रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे वीसपटीने वाढले. परंतु रक्तात एखादे द्रव्य वाढणे आणि रोग टळणे यांत मोठे अंतर आहे. कर्क्युमिनच्या तीव्र मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे इटली व अमेरिका या देशांत नोंदली गेली आहेत. वरणातील चिमूटभर हळद आणि बाटलीतील गोळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

या दृष्टीने पाहिले, तर म्हैसूरकडील नाचणीचा मुद्दे, पालेभाजी घालून केलेले सारू आणि ताक, किंवा महाराष्ट्रातील ज्वारीची भाकरी, मेथीची नाहीतर अंबाडीची भाजी, मोडाची उसळ आणि दही, हे आहार निर्दोष नसले तरी त्यांचा सांगाडा भक्कम आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते अगदीच अल्प असते. बिघाड होतो तो ताटाचा तोल ढळल्याने. भात किंवा मैदा वाढतो, साखर आणि तेल वाढते, लोणची-पापडातून आणि तयार खाद्यपदार्थांतून मीठ वाढते, आणि भाजी, फळ, दूध यांची जागा आक्रसत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभरही नाही, इतके मीठ पुरे. रक्तदाब टाळण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

ताट कोणाचे?

आतापर्यंतच्या विवेचनावरून रोजच्या अन्नाने दीर्घकालीन विकार हमखास टळतात, असा निष्कर्ष निघत नाही. आनुवंशिकता, श्रम, तंबाखू, मनावरील ताण या सर्वांचा त्यांत वाटा असतो. विकार जडल्यावर अन्न हे औषधाची जागाही घेऊ शकत नाही. मात्र दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. तपासणीने सिद्ध झालेली एखादी उणीव वैद्यकीय सल्ल्याने गोळी घेऊन भरून काढावी. परंतु गोळी ही ताटाची पुरवणी आहे, पर्याय नव्हे. दुसरी गोष्ट अशी, की या उपायांचा आरंभ चाळिशीत रक्त तपासून घेतल्यावर करावयाचा नसतो. तो फार आधी करावयाचा असतो.

किती आधी, हे पुण्याच्या संशोधकांच्या पुढील कामावरून कळेल. १९९३ च्या पाहणीत ज्या मुलांची नोंद झाली, ती वयात आल्यावर २०१२ पासून त्यांच्यातील काहींना ब-१२ जीवनसत्त्वाच्या अल्प मात्रेच्या गोळ्या देण्यात आल्या. त्यामागील विचार असा, की या मुली माता होतील, तेव्हा त्यांच्या पोटातील मुलाला ती उणीव सोसावी लागू नये. एका पिढीचा मधुमेह टाळण्यासाठी तिच्या आधीच्या पिढीच्या किशोरवयापासून प्रयत्न करावा लागतो.

आपल्याकडे अनेक घरांत अजूनही आधी पुरुष व मुलगे जेवतात आणि सून व मुलगी मागाहून, उरलेल्यावर भागवितात. दूध मुलग्याच्या पेल्यात जाते. फळ आजाऱ्यासाठी राखून ठेवले जाते. भाजी संपली तर मुलीची भाकरी चटणीवर निभावते. या रीतीकडे आजवर अन्याय म्हणून पाहिले गेले, आणि तो अन्याय आहेच. म्हैसूरच्या त्या जुन्या वहीतील आकड्यांनी तिचे आणखी एक रूप दाखविले. मुलीच्या ताटात जे वाढले जात नाही, त्याची किंमत तिची मुले, मग ते मुलगे असोत वा मुली, पन्नास वर्षांनी स्वतःच्या हृदयाने आणि रक्ताने चुकविण्याची शक्यता असते. पालेभाजीची एक वाटी, एखादे केळे किंवा पेरू आणि पेलाभर दूध किंवा ताक एवढे तिच्या वाट्याला रोज आले, तर प्रतिबंधाचे काम योग्य ठिकाणी सुरू झाले, असे म्हणता येईल.